वहिनीचे डोहाळे माझ्या तोंडून

मला नोकरी लागली तेव्हा पहिल्या दिवशी घरी येऊन मी पगाराचं काही सांगितलं नाही, कॉम्प्युटरचं नाही की एसीचंही नाही. चपला काढायच्या आतच ओरडले, "वहिनी, तिथं बायका आणि पुरुष जेवायला एकाच रांगेत उभे राहतात गं! ताट घ्यायचं आणि वाढून घ्यायचं. ज्याचा नंबर आधी, तो आधी जेवणार!"

वहिनी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "मग वाढतं कोण?"

"असतात माणसं, डोक्यावर पांढऱ्या टोप्या घातलेली. पण आपलं आपण घ्यायचं. आणि गरम!"

"अन् ती टोपीवाली कवा जेवत्यात?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. त्या दिवशी मला त्याच्याशी काही देणंघेणंही नव्हतं. मी कॅन्टीनमध्ये डोसा खाऊन आले होते आणि माझे पाय जमिनीवर नव्हते.

आमचं गाव हडपसरच्या पुढं. खडकवासल्याच्या कालव्याच्या पाण्यावर आमचं जेमतेम दोन एकराचं रान भिजायचं आणि त्यात आबा पालेभाजी घ्यायचे. मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर. गोठ्यात दोन गाई होत्या, अंगणात कोंबड्या. त्या वर्षांत आजूबाजूच्या रानांतून काचेच्या इमारती वर यायला लागल्या होत्या. लहानपणी ज्या बांधावर आम्ही बोरं वेचली तिथं आता मोठं गेट होतं, आणि त्याच गेटातून मी गळ्यात कार्ड अडकवून आत जायचे. लोकांनी भरून पाठवलेले कागद बघून कॉम्प्युटरवर नोंदी करायचं काम. बाकीच्यांना ते कंटाळवाणं वाटायचं. मला मात्र रोज लग्नाला निघाल्यासारखं वाटायचं.

घरी आम्ही पाच जण होतो. आबा, आई, थोरला भाऊ म्हणजे दादा, वहिनी आणि मी. आमची जेवणाची रांग पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली. आधी आबा आणि दादा बसायचे, पाहुणा असला तर तोही. मग आई मला हाक मारायची आणि आम्ही दोघी बसायचो. वहिनी तोवर भाकऱ्या थापायची, वाढायची, कोणाला काय हवं-नको बघायची, आणि सगळ्यांचं आटोपलं की गॅसपाशीच बसून कालवणाच्या पातेल्यात भाकरीचा तुकडा फिरवायची. तिला कुणी उपाशी ठेवत नव्हतं, हे आधीच सांगते. माझी आई खाष्ट सासू नव्हती, दादाही चांगला. पण उरेल ते वहिनीचं, आणि नाही उरलं तर "मला भूकच न्हवती" हे वाक्यही तिचंच.

बरं, घरात होतं काय नाही? पण जे जे चांगलं ते टेम्पोत चढायचं. दुपारी आम्ही बायका जुड्या बांधायला बसायचो. टवटवीत पाला जुडीत जायचा आणि पहाटे मार्केट यार्डाला रवाना व्हायचा. मोडका, पिवळा, किडका पाला घरी. दूध डेअरीला, चहापुरतं घरी. अंडी दारावर येणाऱ्या अंडीवाल्याला. आम्ही अख्ख्या पुण्याला पालेभाजी खाऊ घालत होतो आणि आमच्या वहिनीच्या ओठांना रंग नव्हता.

तिला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. पहिलं लेकरू सातव्या महिन्यातच झालं होतं. एवढंसं, दादाच्या ओंजळीत मावेल असं. आठवडासुद्धा राहिलं नाही. त्यावर आमच्या घरात कुणी बोलत नसे. आईनं शिवलेली कुंची पेटीच्या तळाशी गेली होती, आणि वहिनी पुन्हा पूर्वीसारखी सगळ्यांना वाढायला लागली होती. आता पुन्हा दिवस गेल्यावर सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट होती आणि ती कुणाच्या तोंडून निघत नव्हती. हे तरी राहील का?

दवाखान्यात तिला मी घेऊन गेले, कारण दादा मार्केटला गेला होता. डॉक्टरीणबाईंनी तिची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, आणि पेन खाली ठेवलं. "अहो, अंगात रक्तच नाही तुमच्या. मागच्या वेळी काय झालं ते तुम्हीच सांगितलंत ना? पुन्हा तसं व्हायला नको असेल तर खायला लागा." मग त्या एकेक सांगत गेल्या. रोज हिरवी पालेभाजी, मेथी, पालक. दूध. अंडं. शेंगदाणे आणि गूळ. वर लाल गोळ्या, रोज. मी ऐकतेय, ऐकतेय, आणि मला हसू की रडू कळेना. गोळ्या सोडल्या तर बाई आमच्या टेम्पोतला आणि दारावरून जाणारा सगळा मालच वाचून दाखवत होत्या! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

घरी आल्या आल्या मी भाषण ठोकलं. आबा ऐकून "बरं" म्हणाले आणि गोठ्यात गेले. आईनं शांतपणे लसूण सोलत विचारलं, "अन् लेकरू पोटात लई वाढलं तर सुटका कशी व्हायची तिची? आम्ही काय पराती भरून खाल्लं व्हय? बेतानं खावं, म्हंजी सुखानं मोकळी हुती बाई."

"आई, अगं डॉक्टरनं सांगितलंय!"

"डॉक्टरीणबाईला किती लेकरं हायती?"

पालथ्या घड्यावर पाणी. मग मी गनिमी कावा सुरू केला. कामाला जायच्या आधी वहिनीसाठी भाजीची वाटी झाकून ठेवायचे, दुधाचा पेला फडताळात लपवायचे. संध्याकाळी येऊन विचारलं की ती खाली बघायची. भाजी दादाच्या ताटात गेलेली असायची, कारण तो रानातून दमून आला होता. दुधाचा चहा झालेला असायचा, कारण पाहुणे आले होते. लाल गोळ्या डाळीच्या डब्यामागं तशाच. त्यानं लेकरू काळं होतं असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. मी एवढी चिडायचे की दोन मिनिटं तिच्याशी बोलायचे नाही. मग तीच माझ्यासमोर चहा आणून ठेवायची.

कंपनीत माझ्या शेजारच्या टेबलावर पेठेतली एक मुलगी बसायची. बोलायची कमी, पण बोलली की समोरच्याची सालटी निघायची. एकदा मी जेवताना तिला हे सगळं तावातावानं सांगितलं. तिनं चष्मा पुसला आणि विचारलं, "तुमच्याकडे गाई आहेत ना? गाभण गाईला पण शेवटीच घालता का, बाकीच्यांचं उरलेलं?"

आबा गाभण गाईला स्वतःच्या हातानं वाढीव पेंड घालायचे. बादलीत कालवून, तिच्या पाठीवरून हात फिरवत.

हे वाक्य मी घरी नेलं आणि जसंच्या तसं नाही, तर तिखटमीठ लावून, आबा आणि दादा पानावर बसलेले असताना फेकलं. "वहिनीनं बाईऐवजी गाय व्हायला पाहिजे होतं. निदान पोटभर पेंड तरी मिळाली असती."

आबा पानावरून उठले. हात धुतला, टोपी घातली आणि बाहेर निघून गेले. दादाचं तोंड लाल झालं. आईनं पदर डोळ्यांना लावला. "एवढं जिवाचं रान करून हेच ऐकायचं व्हय आमी?" वहिनी माझ्याकडे असं बघत होती की जणू मीच तिचं ताट हिसकावून घेतलं होतं. त्या दिवशी ती काहीच जेवली नाही. माझ्यामुळं घरात भांडण झालं, असं नाही, तिच्यामुळं झालं, असं तिला वाटलं. माझ्या क्रांतीचं फलित हे एवढंच.

पुढच्या रविवारी आम्ही पडवीत जुड्या बांधत बसलो होतो. भावकीतली चुलती नातवाला कडेवर घेऊन आली. गुटगुटीत पोरगं, पण हनुवटीवरून लाळेची धार, अंगातलं झबलं छातीवर ओलंचिंब. चुलतीनं कुणी न विचारताच सांगून टाकलं, "काय करावं, ह्याच्या आईला पेरवाचं डोहाळं लागलं हुतं. हंगाम न्हाई, कुठनं आणायचा पेरू? राहिला डोहाळा, आता बसलंय पोरगं लाळ गाळत."

हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत होतं. गरोदर बाईला जे खावंसं वाटतं ते द्यायचं. नाही दिलं, डोहाळा मोडला, तर लेकराची लाळ गळते. त्यात सासू, सासरा, नवरा, गरिबी, श्रीमंती काही चालत नाही. डोहाळा मोडायचा नाही म्हणजे नाही.

आईचा हात थांबला. तिनं वहिनीकडं पाहिलं. "तुला काय खावंसं वाटतं गं?"

"काय न्हाई, आत्याबाई." वहिनी आईला आत्याबाई म्हणायची.

"काय न्हाई कसं? मागल्या बारीलाबी न्हाईच म्हणालीस."

चुलतीनं नातवाची हनुवटी पुसली. मी आईच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिला पहिल्या लेकराचं वाईट वाटत नव्हतं असं मी इतके दिवस धरून चालले होते. ती तर मनातल्या मनात अजून त्याच लेकरापाशी होती. आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या घरात डॉक्टरचं चालत नाही, माझं चालत नाही, पण डोहाळ्यांचं चालतं!

"मेथी!" मी ओरडले. तिघीही दचकल्या. "तिला मेथीचे डोहाळे लागलेत. कोवळ्या मेथीचे. मला सांगते, तुम्हाला सांगायला लाजते."

वहिनीचे डोळे जुडीएवढे झाले. मी तिच्या पायाला चिमटा काढला. आई क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिनं जे केलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. बांधलेल्या जुड्यांच्या ढिगातली सगळ्यात टवटवीत जुडी तिनं उचलली, दोरा तोडला आणि मेथी निवडायला घेतली. बाजारची जुडी! आमच्या घरात! संध्याकाळी वहिनीच्या पुढ्यात मेथीची भाजी आली, वर शेंगदाण्याचं कूट, आणि आई समोर बसून राहिली. भाजी दादाच्या ताटात जायची सोय नव्हती. डोहाळ्याचं अन्न दुसऱ्यानं खायचं नसतं.

तिथून पुढचे दिवस कसे गेले म्हणून सांगू! कंपनीच्या बसमध्ये बाकीची पोरंपोरी कानात गाणी खुपसून बसायची, आणि मी खिडकीशी बसून डोहाळे रचायचे. डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं मला पाठ होतं. मेथीनंतर आठवडाभर दम धरला. मग पालक. मग गूळ-शेंगदाण्याचे लाडू. अंड्याच्या वेळी आईनं डोळे बारीक केले, "अंड्याचं डोहाळं? आमच्यात कुणाला ऐकलं न्हाई बाई," पण अंडीवाला दारात आला तेव्हा तिनं टोपलीतली अंडी आधी बाजूला काढून घेतली. दादा मार्केटमधून डाळिंबं घेऊन आला, कारण त्याला वाटलं नुसतं बहिणीलाच कळतं की काय बायकोचं. आबांनी तर एक दिवस रानातून येतानाच विचारलं, "आज काय फर्माईश हाय?" आणि मिशीत हसत म्हणाले, "ह्या लेकराला पुढं मार्केटात गाळाच काढून द्यावा लागंल. सगळा भाजीपाला आधीच चाखून बसलंय." गाईच्या बोलण्यानंतर आबा माझ्याशी पहिल्यांदाच हसून बोलले होते. मला नाचावंसं वाटलं.

वहिनी सुरुवातीला घाबरून अर्धी झाली होती. "अहो वन्सं, खोटं बोलल्याचं पाप लागंल."

"माझ्या नावावर लाव. तू फक्त खा."

हळूहळू तिलाही गंमत वाटायला लागली. मी घरात शिरले की ती भुवई उडवून विचारायची, आज काय? आणि मी ओठांनी सांगायचे, पालक. ती तोंड वेडंवाकडं करायची. तिला पालक अजिबात आवडायचा नाही. माझ्यासाठी, खरं म्हणजे त्या लेकरासाठी, ती तो डोळे मिटून खायची आणि मग आईसमोर "लई झ्याक झालता" असं म्हणायची.

तरी एक गोष्ट राहिली होती. ती अजून सगळ्यांच्या शेवटी जेवत होती. डोहाळ्याचा एक पदार्थ तिला वेगळा मिळायचा, पण बाकीचं जेवण तेच, उरलेलं, गार, दमून भागून. त्यावरचा उपाय मला कॅन्टीनच्या रांगेत सुचला. मी ताट हातात घेऊन उभी होते आणि पुढं वाफ येत होती. मी तिथंच हसायला लागले. पेठेतल्या मैत्रिणीनं विचारलं, "काय झालं, पगारवाढ?" मी म्हटलं, त्याच्याहून मोठं.

"आई," मी त्या संध्याकाळी जाहीर केलं, "वहिनीला तव्यावरच्या पहिल्या भाकरीचे डोहाळे लागलेत. तव्यातून काढली की लगेच. वाफ निघत असताना."

आई म्हणाली, "मग खावी की. तीच तर करती भाकरी."

"स्वतः थापलेली नाही! दुसऱ्यानं करून द्यायची. आणि एकटीनं खायची नाही, पंगतीत बसून."

हे जरा जास्तच झालं, हे मला बोलताना कळत होतं. पण बाण सुटला होता. आईनं पदर खोचला, वहिनीला खांद्याला धरून उठवलं आणि स्वतः परातीपुढं बसली.

ते जेवण मी जन्मात विसरणार नाही. आबांच्या शेजारी दादा, दादाच्या शेजारी वहिनी, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला. दादाला कुठं बघावं कळेना, तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून जेवत होता. आईनं तव्यावरची पहिली भाकरी काढली. आजवर ती कायम आबांच्या ताटात जायची. आईचा हात सवयीनं तिकडं वळलासुद्धा. मग वळून आला आणि भाकरी वहिनीच्या ताटात पडली. फुगलेली, वाफाळलेली. वहिनीनं ती मोडली आणि तिच्या बोटांना चटका बसला, तसं तिच्या तोंडून "आई गं" निघालं. आबा ताटाकडे बघतच म्हणाले, "सावकाश खा. कुठं पळायचं हाय?" आणि मग, "कालवण वाढा तिला."

मी न्हाणीत जाऊन रडून घेतलं. आनंदानं, दुसरं काय!

पुढच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी पापणी ओढली आणि म्हणाल्या, "आता कसं! काय केलंत?" वहिनी माझ्याकडं बघून हसली. "डोहाळं लागलं हुतं," ती म्हणाली. बाईंनी मात्र मान हलवली. गोळ्या घेतल्याशिवाय भागणार नाही, पुढचे महिने महत्त्वाचे आहेत, गोळ्या घेताय ना? गोळ्या डाळीच्या डब्यामागंच होत्या.

आणि इथं माझी अक्कल शेण खायला गेली. यशानं माणूस चढतो. मी घरी येऊन आईला सांगितलं, "वहिनीला लाल गोळ्यांचे डोहाळे लागलेत."

आई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "कशाचं?"

"गोळ्यांचे. दवाखान्यातल्या."

"आजपातुर चिंच ऐकली, माती ऐकली, राख ऐकली. गोळ्यांचं डोहाळं कुण्या बाईला लागलेलं ऐकलं न्हाई." तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी पुन्हा शाळेतली पोर झाले. "डोहाळं पोटुशीला लागत्यात. नणंदंला न्हाई लागत."

झालं. अति तेथे माती. आई उठून आत गेली आणि त्या दिवशी आमच्या दोघींशी एक शब्द बोलली नाही. मी अंथरुणावर पडून फक्त एकच विचार करत होते, की आता सगळं पुन्हा पहिल्यासारखं होणार. मेथी टेम्पोत, अंडी दारावर, आणि वहिनी गॅसपाशी. आणि मग ते लेकरू.

सकाळी आबा दुधाचा कॅन सायकलला अडकवत होते. आई दारातून बाहेर आली. "थांबा," ती म्हणाली. "त्यातलं तांब्याभर दूध काढून ठेवा. पोरीला दुधाचं डोहाळं लागलंय."

मी वहिनीकडे पाहिलं, वहिनीनं माझ्याकडं. मी बोलले नव्हते. तीही बोलली नव्हती.

"कधीपासनं?" आबांनी विचारलं.

"आजपासनं. बाळंत हुईस्तवर रोज लागणार हाय." आईनं त्यांच्या हातात तांब्या दिला. मग वळून वहिनीला म्हणाली, "अन् त्या गोळ्या कुठं दडवल्यात त्या काढ. दुधाबरुबर न्हाई, जेवणानंतर घ्यायच्या, नर्सबाई सांगत हुती मागं. काळं झालं तर काळं झालं. जगलं म्हंजी झालं."

मी धावत जाऊन आईला मिठी मारली. आमच्याकडं अशी मिठीबिठी मारायची पद्धत नाही. ती मला ढकलत राहिली आणि मी सोडेना. दुपारी गोठ्यामागं आम्ही दोघीच होतो, तेव्हा तिनं एकदम सांगितलं, "तुझ्या बारीला मला दुधाचं डोहाळं लागलं हुतं. वाटीभर दूध. गोठ्यात दोन म्हशी. पण सासूला मागायचं कसं? तोंडच उघडलं न्हाई." मग माझी हनुवटी धरून म्हणाली, "लई लाळ गळायची तुझी. लोकं इचारायची, काय राहिलं गं? मी म्हणायची, काय न्हाई."

त्यानंतरचा कारभार आईनंच हातात घेतला आणि माझ्यापेक्षा शंभर पटीनं चांगला चालवला. तिच्या डोहाळ्यांना कुणी "कसले" म्हणूच शकत नव्हतं. दुपारच्या विश्रांतीचे डोहाळे, जुड्या न बांधण्याचे डोहाळे. सातवा महिना आला तेव्हा घरात सगळेच हळू आवाजात बोलायला लागले. तो गेला. आठवाही गेला. नववा भरला तेव्हा आईनं पेटीच्या तळातली जुनी कुंची काढली, हातात धरून बसली, आणि ती परत ठेवून नवी शिवायला घेतली.

मी कंपनीत असताना फोन आला. रिक्षानं दवाखान्यात पोचले तेव्हा दादा पायरीवर बसून हुंदके देत होता. "पोरगी झाली," तो म्हणाला. "ओरडती बघ किती. ऐक." मी ऐकलं. दाराबाहेर, व्हरांड्यात, रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं. आत नर्सबाई तिला काट्यावरून उचलत म्हणाल्या, "भरली आहे हो चांगली!" पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेली, लालबुंद, मुठी आवळलेली माझी भाची. आईनं तिला घेतलं आणि आधी काय केलं असेल, तर तिच्या हनुवटीवरून बोट फिरवून पाहिलं. कोरडी होती.

पण पोरं मोठी होतात. काही महिन्यांनी ती बसायला लागली, हिरड्या शिवशिवायला लागल्या, आणि एका रविवारी आबांच्या मांडीवर खेळता खेळता तिच्या तोंडातून लाळेची तार लोंबली. झबलं ओलं झालं. मी म्हटलं, दात येताहेत, सगळ्याच पोरांना होतं. कोण ऐकतंय! आई पिठाच्या हातानं बाहेर आली. तिचा चेहरा उतरला होता.

"काय राहिलं?" तिनं वहिनीला विचारलं. "एवढं सगळं केलं, मग काय राहिलं गं? खरं सांग. कसलं डोहाळं राहिलं तुझं?"

मी तोंड उघडणार होते. सवयच लागली होती. पण वहिनीनं मला हातानं थांबवलं. आणि जी बाई वर्षानुवर्षं "काय न्हाई" म्हणत आली होती, ती आबांच्या देखत, दादाच्या देखत म्हणाली, "राहिलंय एक."

सगळे तिच्याकडं बघायला लागले.

"माझं ताट पंगतीत आलं तवापासनं आत्याबाई मागं ऱ्हात्यात. सगळ्यांचं झालं की पातेलं पुसून खात्यात. मी रोज बघती." ती थांबली नाही. "त्यांनी आमच्याबरुबर बसून जेवावं, हे डोहाळं हुतं माझं. तवापासनंच. पण हे कसं मागायचं?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. त्या कॅन्टीनच्या पहिल्या दिवशी तिनं मला विचारलं होतं, टोपीवाली माणसं कधी जेवतात. मी उत्तर दिलं नव्हतं. तिनं प्रश्न सोडला नव्हता.

"बाळंत झाल्यावर कसलं डोहाळं," आई पुटपुटली, आणि आत जायला वळली.

"थांब," आबा म्हणाले. त्यांनी नातीची हनुवटी स्वतःच्या धोतरानं पुसली. मग उठले, भिंतीशी उभा केलेला पाट घेतला आणि आपल्या पाटाशेजारी टाकला. "बस. लेकराच्या लाळंचा प्रश्न हाय."

दादानं तांब्या-पेले मांडले. वहिनी उठायला लागली, तिला मी दाबून बसवलं आणि परातीपुढं गेले. भाकरी हा माझा प्रांत नव्हता. पहिली भाकरी एका अंगानं जाड, एका अंगानं फाटलेली, आणि मधोमध काळी. ती मी तव्यातून काढली आणि धावत जाऊन आईच्या ताटात टाकली. आईनं लगेच तुकडा मोडला आणि तोंडात घातला. दुसऱ्याच क्षणी हात तोंडावर गेला, डोळ्यांत पाणी. जीभ पोळली होती. सगळं आयुष्य भाकऱ्या भाजण्यात गेलेल्या माझ्या आईला गरम भाकरी किती फुंकून खायची ते माहीत नव्हतं.

वहिनीनं आपली दुधाची वाटी तिच्या पुढ्यात सरकवली. आईनं ती उचलली, सगळी प्यायली, आणि पदरानं ओठ पुसले.

"दुसरी टाक," ती मला म्हणाली. "जरा बारीक थाप."